प्रभाव पडला म्हणजे नक्की काय झालं? टोनॅलिझमच्या निमित्ताने

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटासमोर उभे राहा आणि नुसती शीर्षकं वाचत जा. 'अमुक यांच्या निर्मितीवरील तमुकांचा प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास.' साहित्य असो, चित्रकला असो, शिक्षणशास्त्र असो, 'प्रभाव' हा आपला लाडका शब्द. पेट झाली, गाईड मिळाले, सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषय सुचत नाही, की हात आपोआप तिकडेच वळतो. दोन नावं घ्यायची, मध्ये 'प्रभाव' टाकायचा, पुढे 'एक अभ्यास' लिहायचं. झालं शीर्षक!

या लेखात त्या शब्दाचीच जरा झडती घेऊ. हवेत बोलण्यापेक्षा एक ठोस उदाहरण घेतलेलं बरं, म्हणून टोनॅलिझम निवडलाय. साधारण १८८० ते १९१५ या काळात अमेरिकेत बहरलेली निसर्गचित्रणाची ही एक रीत. तिचा पुढच्या कलाकारांवर प्रभाव पडला असं सगळीकडे वाचायला मिळतं. फोटोग्राफीवर पडला, मार्क रॉथकोच्या अमूर्त चित्रांवर पडला, वगैरे. ऑस्ट्रेलियात तर याच नावाची एक वेगळी परंपरा आहे. माझं म्हणणं असं, की ही तिन्ही उदाहरणं एका शब्दात कोंबली की तिन्हींमधलं महत्त्वाचं तेवढंच निसटतं. कसं ते क्रमाने बघू.

आधी टोन समजून घेऊ

फोनमधला झाडं, पाणी, आकाश असलेला एखादा रंगीत फोटो उघडा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेले तरी चित्र कळतं. झाड कुठे संपतं, आकाश कुठे सुरू होतं, सगळं दिसतं. रंग काढून घेतल्यावर उजळ-गडदपणाची जी पातळी शिल्लक राहते, तो टोन. भर दुपारच्या फोटोत या पातळ्यांमध्ये मोठमोठी अंतरं असतात. धुक्यातल्या पहाटेच्या फोटोत ती अगदी जवळ जवळ येतात.

टोनॅलिस्ट चित्रकारांनी ही जवळीक धरून ठेवली. सगळं चित्र एका अरुंद पट्ट्यात बसवायचं, एका मुख्य रंगाच्या अंमलाखाली बाकीचे रंग आणायचे. गायकाने आधी तंबोरा लावून घ्यावा आणि मग प्रत्येक सूर त्याच्याशी जुळवत जावं, तसं काहीसं. विषयही तसेच निवडले: तळ्याचा काठ, कापणी झालेलं शेत, रानाची कड, चंद्र उगवतानाची वेळ. त्यांच्या आधीच्या पिढीत फ्रेडरिक चर्च, अल्बर्ट बिअरस्टाट यांच्यासारखे चित्रकार डोंगर, धबधबे, दऱ्या असे भव्य देखावे पानापानाचा तपशील देऊन रंगवत होते. टोनॅलिस्टांनी तपशील पुसला आणि आवाज खाली आणला.

दोन नावं पक्की लक्षात ठेवा. पहिलं जेम्स मॅक्नील व्हिस्लर. हा जन्माने अमेरिकी, पण राहायचा लंडनला. १८७० च्या दशकात त्याने थेम्स नदीची रात्रीची चित्रं काढली आणि त्यांना 'नॉक्टर्न' हे संगीतातलं नाव दिलं. तो जागेवर उभा राहून रंगवत नसे. दृश्य डोळे भरून बघायचं, मनात साठवायचं आणि स्टुडिओत येऊन पातळ केलेल्या रंगात उतरवायचं, ही त्याची पद्धत. जॉन रस्किनने त्याच्या चित्रावर जहरी टीका केली, व्हिस्लरने बदनामीचा खटला भरला आणि १८७८ मध्ये तो जिंकलाही. नुकसानभरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे त्या वेळचं सगळ्यात छोटं नाणं.

दुसरं नाव जॉर्ज इनेस (१८२५-१८९४). स्वीडनबोर्ग या गूढवादी विचारवंताला मानणारा हा माणूस. न्यू जर्सीतल्या मॉन्टक्लेअर गावी त्याने आयुष्याच्या शेवटच्या दशकात जी चित्रं काढली, त्यांत झाडं जणू हवेत विरघळतात. त्याचं 'द होम ऑफ द हेरॉन' (१८९३) हे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं चित्र नेटवर शोधा आणि मोठं करून बघा. तांबूस-तपकिरी धूसरपणात सरळ उभी खोडं, खाली ओलसर जमीन आणि त्यातच बगळा. बगळा सापडायला वेळ लागतो. तो वेळ लागणं हाच त्या चित्राचा अनुभव.

यांच्याभोवती ड्वाइट ट्रायन, जॉन ट्वॉक्टमन, हेन्री वॉर्ड रेंजर, बर्ज हॅरिसन अशी नावं येतात. हॅरिसनने न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला निसर्गचित्रण शिकवलं आणि १९०९ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. पण यांचा जाहीरनामा नव्हता, सभासदांची यादी नव्हती. रेंजरने कनेटिकटमधल्या ओल्ड लाइम गावात चित्रकारांची वसाहत जमवली. १९०३ मध्ये तिथे चाइल्ड हॅसम आला आणि बघता बघता वसाहत इम्प्रेशनिस्ट झाली. १९१३ च्या आर्मरी शोमध्ये युरोपातली नवी चित्रकला न्यूयॉर्कला येऊन धडकली. त्यानंतर संध्याकाळची ही तपकिरी चित्रं जुनाट ठरून मागे पडली.

कर्ता कोण?

आता 'प्रभाव' शब्दाकडे येऊ. मायकेल बॅक्सँडल या कलेतिहासकाराने १९८५ च्या 'पॅटर्न्स ऑफ इन्टेन्शन' या पुस्तकात या शब्दावर नेमकं बोट ठेवलंय. त्याचा मुद्दा माझ्या शब्दांत सांगतो. 'व्हिस्लरचा स्टायकेनवर प्रभाव पडला' या वाक्यात करणारा व्हिस्लर आणि सोसणारा स्टायकेन, असं व्याकरण आहे. पण प्रत्यक्षात व्हिस्लरने काहीच केलेलं नाही. काही केलं असेल तर ते नंतरच्याने. त्याने आधीच्याकडे पाहिलं, त्यातलं काही उचललं, काही टाकलं, काही मुद्दाम उलटं केलं, काही चुकीचं समजून घेतलं. एवढी सगळी क्रियापदं गिळून 'प्रभाव पडला' हे वाक्य तयार होतं.

बॅक्सँडलने बिलियर्डचं उदाहरण दिलंय. आपण कॅरम घेऊ. आपल्याला सवयीने वाटतं की आधीचा चित्रकार हा स्ट्रायकर आणि तो नंतरच्या सोंगटीला जाऊन आपटतो. खरं तर स्ट्रायकर नंतरचा चित्रकार असतो. तो बोर्डावर आधीच मांडलेल्या सोंगट्यांमध्ये शिरतो, एखादीला धक्का देतो आणि त्या धक्क्याने सोंगट्यांच्याही जागा बदलतात. हा शेवटचा भाग नीट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता तीन डाव बघू.

पहिला डाव : एडवर्ड स्टायकेन

यातलं सगळ्यात भक्कम उदाहरण हे. स्टायकेन (१८७९-१९७३) लक्झेंबर्गमध्ये जन्मला, अमेरिकेत वाढला. सुरुवातीला तो चित्रकार आणि फोटोग्राफर असे दोन्ही व्यवसाय एकदम करत होता. चांदण्यातली झाडं आणि पाणी अशी टोनॅलिस्ट वळणाची चित्रं तो स्वतः रंगवत असे. आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९०३ मध्ये 'कॅमेरा वर्क' नियतकालिक सुरू केलं, त्याचं मुखपृष्ठ स्टायकेननेच केलेलं. त्यात लिहिणारा समीक्षक सादाकिची हार्टमन हा व्हिस्लरवरही लिहीत होता आणि फोटोंवरही. म्हणजे ओळख होती, सराव होता, दोन्ही कलांमध्ये वावरणारं वर्तुळ होतं. पुरावा म्हणून हे पुरेसं आहे.

पण 'पुरावा मिळाला, प्रकरण संपवलं' असं करू नका. खरा प्रश्न इथून सुरू होतो. स्टायकेनला टोनॅलिझम हवा कशाला होता?

त्या वेळी फोटोग्राफीवर मोठा आक्षेप हा, की ती यंत्राची करामत आहे, कला नाही. कॅमेरा समोरचं सगळं निमूटपणे टिपतो, त्यात माणसाने निवडलं काय? टोनॅलिस्ट चित्रांनी तोवर प्रेक्षकाला एक गोष्ट शिकवून ठेवली होती: तपशील गाळलेला दिसला की तिथे कलावंताचं मन आहे असं समजायचं. स्टायकेनने हे तयार व्याकरण उचललं. १९०४ मधलं त्याचं 'द पाँड : मूनराइज' पाहा. न्यूयॉर्कजवळच्या ममॅरनेकचं तळं, काठावरची झाडं, खोडांमधून दिसणारा चंद्र आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब. हा प्लॅटिनम प्रिंट आहे आणि त्यावर रंग हाताने चढवलाय. याचाच एक प्रिंट २००६ मध्ये २९ लाख डॉलरला विकला गेला. फोटोला लिलावात मिळालेली ती तोवरची सगळ्यात मोठी किंमत होती.

आता हे इनेसच्या चित्राशेजारी ठेवा. दिसायला भावंडं, पण काम उलट दिशेने झालंय. इनेससमोर कोरा कॅनव्हास आहे, जे नको ते तो रंगवतच नाही. स्टायकेनसमोर सगळं टिपून आणणारी निगेटिव्ह आहे, त्याला नको ते पुसावं लागतं. त्यामुळे त्याची खरी कला शटर दाबल्यावर, डार्करूममध्ये सुरू होते. 'द फ्लॅटआयर्न' (१९०४) हा फोटो घ्या. ओल्या संध्याकाळी न्यूयॉर्कची ती नवी कोरी उंच इमारत, पुढे आडवी आलेली फांदी आणि घोडागाडीवाल्यांच्या काळ्या आकृत्या. एकाच निगेटिव्हवरून त्याने वेगवेगळ्या रंगांच्या अमलाखालचे प्रिंट काढले. म्हणजे संध्याकाळ एक आणि तिचे टोन अनेक. हा प्रयोग चित्रकाराला सुचण्याचं कारणच नव्हतं, कारण त्याच्याकडे निगेटिव्ह नाही. टोनॅलिझममधून उचललेली गोष्ट फोटोग्राफीत शिरल्यावर अशी वेगळीच होऊन बसली.

शिवाय ती पुढे आडवी येणारी फांदी. ती व्हिस्लरकडून आली असं म्हणायचा मोह होतो. पण व्हिस्लरच्या बॅटरसी पुलाच्या चित्रामागे हिरोशिगेसारख्या जपानी छापचित्रकारांची मांडणी आहे. जपानी रचनेचे धडे देणारं आर्थर वेस्ली डाउचं 'कॉम्पोझिशन' हे पुस्तकही १८९९ पासून अमेरिकी विद्यार्थ्यांच्या हातात होतं. तेव्हा फांदी व्हिस्लरमार्गे आली, डाउमार्गे आली की थेट जपानी चित्रांतून? 'क' आणि 'ख' सारखे दिसतात तेव्हा दोघांच्या मागे एखादा 'ग' उभा नाही ना, हे तपासणं प्रबंधात सक्तीचंच समजा.

याच स्टायकेनने १९०८ मध्ये रोदँची रेखाटनं आणि मातीसची चित्रं स्टिग्लिट्झच्या न्यूयॉर्कमधल्या गॅलरीत आणवली. पहिल्या महायुद्धात हवाई छायाचित्रणाचं काम केलं, जिथे धूसर फोटोचा उपयोग शून्य. आणि १९२३ मध्ये स्वतःजवळची सगळी पेंटिंग्ज जाळून टाकली. ज्याच्यावर 'प्रभाव पडला' म्हणायचं, त्यानेच तो असा झटकला. आता 'पडला' या क्रियापदात हे सगळं कसं बसवणार?

दुसरा डाव : मार्क रॉथको

हे उदाहरण सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कच्चं. इनेसचं उशिराच्या काळातलं चित्र आणि रॉथकोचं १९५० नंतरचं चित्र शेजारी शेजारी लावायचं. दोन्हींकडे विरलेल्या कडा, पातळ रंगांचे थरावर थर, आतून येणारा उजेड. स्लाइड बघणारे 'वा!' म्हणतात. पण 'वा' म्हणजे पुरावा नव्हे.

वेगळ्या कारणांनी जन्मलेल्या दोन गोष्टी योगायोगाने सारख्या दिसतात, त्याला एर्विन पॅनोफ्स्कीने स्यूडोमॉर्फोसिस म्हटलंय. आपण सरळ 'फसवं साम्य' म्हणू. अशा वेळी साम्य मोजण्याऐवजी फरक मोजावा. इनेसचं ते बगळ्याचं चित्र साधारण ७६ बाय ११५ सेंटिमीटर आहे. तुम्ही त्याच्यात आत, दूर बघत जाता. धूसर का असेना, तिथे जमीन आहे, अंतर आहे, बगळा आहे. रॉथकोचे मोठे कॅनव्हास माणसापेक्षा उंच असतात. तिथे क्षितिज नाही, दूर जाणं नाही. रंगाचे आयत तुमच्याच दिशेने पुढे येतात. एकात तुम्ही नजरेने आत शिरता, दुसऱ्यासमोर तुम्ही अंगाने उभे असता.

कागदोपत्री काय मिळतं? रॉथको १९१३ मध्ये, लहान असतानाच रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आला. गंमत म्हणजे ते आर्मरी शोचंच वर्ष. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मातीसचं 'द रेड स्टुडिओ' विकत घेतलं, त्याच सुमाराला रॉथकोची स्वतःची शैली पक्की होत होती. १९५४ च्या एका चित्राला त्याने 'होमेज टू मातीस' असं नावच दिलं. म्हणजे ऋण मान्य करायची वेळ आली तेव्हा बोट पॅरिसकडे गेलं, मॉन्टक्लेअरकडे नाही.

मध्ये एक दुवा मात्र आहे, मिल्टन एव्हरी. कनेटिकटमध्ये शिकलेला, जवळ जवळच्या टोनमध्ये सपाट समुद्र आणि वाळू रंगवणारा हा चित्रकार रॉथकोचा वडीलधारा मित्र होता. १९६५ मध्ये एव्हरीच्या शोकसभेत रॉथको स्वतः बोलला. तेव्हा 'टोनॅलिझम ते एव्हरी ते रॉथको' अशी साखळी ओढायचा मोह होतोच. पण तारखा बघा. एव्हरीची मोठ्या आकाराची, जवळपास अमूर्त झालेली समुद्रचित्रं १९५७ नंतरची. त्या उन्हाळ्यांत तो प्रॉव्हिन्सटाउनला असायचा आणि रॉथकोही तिथेच असायचा. रॉथकोची शैली तोवर सात-आठ वर्षं जुनी झाली होती. मग कोणी कोणाकडून घेतलं? बहुधा दोघांनी एकमेकांकडून. ही साखळी नाही, ही ये-जा आहे. कालक्रमाचा साधा तक्ता केला असता तरी हे दिसलं असतं.

डेव्हिड क्लीव्हलँड यांनी टोनॅलिझमचा मोठा इतिहास २०१० मध्ये लिहिला. विसरलेल्या कितीतरी चित्रकारांना त्यांनी उजेडात आणलंय, त्यासाठी तो ग्रंथ हाताशी हवाच. पण उपशीर्षकात ते टोनॅलिझमला अमेरिकी आधुनिकतेची मूस म्हणतात, तिथे मी अडखळतो. मुशीत धातू वितळतो, घडतो. तो स्वतः काही ठरवत नाही. म्हणजे पुन्हा तेच व्याकरण, नंतरचे सगळे वितळलेले धातू. मातीसकडे बोट दाखवणारा रॉथको त्या मुशीत कुठे बसवायचा?

तिसरा डाव : क्लॅरिस बेकेट

आता ऑस्ट्रेलियात जाऊ. इथल्या परंपरेचं नावही टोनॅलिझमच, म्हणून लोक ती अमेरिकेची शाखा समजतात. मेलबर्नच्या मॅक्स मेल्ड्रम (१८७५-१९५५) या चित्रकार-शिक्षकाने ती सुरू केली. पण त्याचा सिद्धान्त ऐकलात तर थक्क व्हाल. त्याच्या मते चित्रकला हे डोळ्याचं शास्त्र. समोरच्या दृश्यात टोनचे ठसे ज्या क्रमाने डोळ्यावर उमटतात, त्याच क्रमाने ते कॅनव्हासवर मांडायचे. आधी टोन, मग प्रमाण, रंग सगळ्यात शेवटी. भावना, आठवण, कल्पना यांना प्रवेश नाही. व्हिस्लर आठवणीतून रंगवायचा, इनेसला दृश्यापलीकडचं अध्यात्म हवं होतं. नाव एक आणि सिद्धान्त परस्परविरोधी! शब्दाच्या साम्यावरून वंशावळ काढणाऱ्यांनी इथे थांबावं.

क्लॅरिस बेकेट (१८८७-१९३५) मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी स्कूलमध्ये शिकली, मग १९१७ च्या सुमारास काही महिने मेल्ड्रमकडे. इथे गुरू-शिष्य नातं नोंदलेलं आहे. 'प्रभाव' सिद्ध करायला याहून सोपी केस मिळणार नाही. आणि नेमका हाच सापळा आहे.

१९१९ पासून ती आईवडिलांबरोबर बोमॅरिस या समुद्राकाठच्या उपनगरात राहिली. त्यांची शुश्रूषा, घरकाम तिच्याकडे. घरात स्टुडिओ नाही, चित्रं काढायला स्वयंपाकघरातलं टेबल. मोकळा वेळ मिळायचा तो पहाटे आणि संध्याकाळी. चाकांच्या छोट्या गाड्यावर सामान घालून ती रस्त्यावर, किनाऱ्यावर जायची आणि लहान लहान बोर्डांवर रंगवायची. १९२३ पासून दहा वर्षं जवळपास दरवर्षी तिने प्रदर्शन भरवलं. समीक्षकांनी बहुतेक वेळा 'मेल्ड्रमच्या धुक्यातली आणखी एक' एवढंच पाहिलं.

तिची 'वेट ईव्हनिंग' किंवा 'पासिंग ट्राम्स' ही चित्रं बघा. ओला डांबरी रस्ता, विजेचे खांब, मोटारी. ट्राम ओळखू येते ती मुख्यतः दिव्यांवरून. मेल्ड्रमचा नियम तिने पाळलाय, आधी टोन. पण नियम तिने अशा वेळेवर नेऊन लावला, जिथे टोनमधली अंतरं जवळपास संपतात: पहाट, धुकं, पाऊस, धूर. दिवसाउजेडी हा नियम वस्तूंना घट्ट उभं करतो. बेकेटच्या वेळेला तोच नियम पाळला की वस्तू विरायला लागतात. म्हणजे गुरूचा नियम इतक्या काटेकोर पाळला, की त्यातून गुरूला अभिप्रेत नसलेलं चित्र बाहेर आलं. शिवाय अमेरिकी टोनॅलिस्ट शहरापासून दूर तळ्याकडे वळले होते. हिने टेलिफोनचे खांब आणि पेट्रोलवर चालणारी गाडी त्याच धुक्यात आणली.

आता हे 'मेल्ड्रमचा बेकेटवरील प्रभाव' या चौकटीत लिहून बघा. पहाट-संध्याकाळ का, याचं उत्तर तुम्ही मेल्ड्रमच्या सिद्धान्तात शोधत बसाल आणि ते मिळणार नाही. निदान निम्मं उत्तर आजारी आईवडील आणि घरकामाच्या वेळापत्रकात आहे. चौकटीने प्रश्नच चुकीच्या दारात नेऊन उभा केला. आणि चौकट निरुपद्रवीही नसते. याच मेल्ड्रमने १९३९ मध्ये, नोरा हायसन ही आर्चिबाल्ड पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री ठरली तेव्हा, बायकांनी पुरुषांच्या बरोबरीने चित्रकार होण्याची अपेक्षाच जाहीरपणे वेडगळ ठरवली होती. गुरू कर्ता, शिष्या कर्म, हे वाक्य अशा जगात फार सहज लिहिलं जातं.

बेकेट १९३५ मध्ये न्यूमोनियाने गेली, ४८ व्या वर्षी. वादळी हवेत समुद्रकाठी रंगवताना आजारी पडली होती. पुढे तिचं नाव पुसलं गेलं. सुमारे १९७० मध्ये रोझलिंड हॉलिनरेक यांना व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतावर, बाजूंनी उघड्या शेडमध्ये तिची जवळपास दोन हजार चित्रं सापडली. ऊन-पाऊस-उंदरांनी बहुतेक नासलेली. ३६९ वाचवता आली. २०२१ मध्ये अॅडलेडच्या आर्ट गॅलरी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियाने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. आज मेल्ड्रमचं नाव अनेकांना तिच्यामुळे कळतं.

सोंगट्या हलतात

कॅरमचा तो शेवटचा भाग आठवा. वाचलेल्या चित्रांचं प्रदर्शन मेलबर्नला १९७१ मध्ये भरलं. लगेच पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियममध्ये वांडा कॉर्न यांनी 'द कलर ऑफ मूड : अमेरिकन टोनॅलिझम, १८८०-१९१०' हे प्रदर्शन मांडलं. तेव्हापासून या विखुरलेल्या चित्रकारांकडे एक गट म्हणून पाहायला सुरुवात झाली. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन घटना, पण वेळ बघा. रॉथको नुकताच, १९७० मध्ये गेला होता. वीस वर्षं लोकांचे डोळे मोठमोठ्या, जवळ जवळच्या टोनच्या, विषय नसलेल्या कॅनव्हासवर तयार झाले होते. ज्या धूसर चित्रांत पूर्वी 'काहीच नाही' असं वाटायचं, तिथे आता बघण्यासारखं काहीतरी दिसू लागलं.

हा माझा तर्क आहे, सिद्ध करायला त्या वर्षांची परीक्षणं चाळावी लागतील. पण तो खरा असेल तर दिशा पार उलटते. टोनॅलिझमने रॉथको घडवला याला पुरावा तुटपुंजा. रॉथकोमुळे टोनॅलिझम पुन्हा दिसू लागला, हे शक्यतेच्या कोटीतलं. इनेस आणि रॉथकोची ती शेजारशेजारची स्लाइड इनेसच्या पुढच्यांबद्दल फार सांगत नाही. ती आपल्या, म्हणजे रॉथको बघून झालेल्या माणसांच्या डोळ्यांबद्दल सांगते.

सिनॉप्सिस लिहिताना

तुमचा विषय चित्रकला नसेल, तरी चार प्रश्न उपयोगी पडतील.

एक, नंतरच्याने आधीचं काम प्रत्यक्ष पाहिलं होतं का? कुठे, कधी? वर्षांचा तक्ता करा. एव्हरीसारखं प्रकरण तिथेच उघडं पडतं.

दोन, त्याला ते हवं कशाला होतं? स्टायकेनला यंत्राच्या आरोपाला उत्तर हवं होतं. गरज सापडली की संबंध समजतो, नुसतं साम्य सापडून समजत नाही.

तीन, घेतल्यावर त्याचं काय केलं? साम्यांची यादी अर्ध्या पानात उरका, फरकांना दोन पानं द्या. प्रबंधाचं नवेपण फरकांत असतं.

चार, दोघांमागे तिसरा कोणी आहे का? आणि तो तिसरा माणूसच असला पाहिजे असं नाही. बेकेटच्या बाबतीत ते घरातलं वेळापत्रक होतं.

शीर्षकात 'प्रभाव' ठेवायचाच असेल, विद्यापीठाच्या नमुन्यात तो बसतो म्हणून, तर खुशाल ठेवा. आरएसीसमोर त्यावरून भांडत बसू नका. पण आतल्या प्रकरणांत जिथे जिथे 'प्रभाव पडला' लिहिलंय, तिथे नंतरच्या माणसाला कर्ता करून वाक्य पुन्हा लिहून बघा: त्याने उचललं, वाकवलं, नाकारलं, ताणलं, उलटवलं, जाळून टाकलं. ज्या वाक्याला नेमकं क्रियापद सापडेल ते ठेवा. ज्याला सापडणार नाही, तिथे पुरावा शोधायचा बाकी आहे असं समजा आणि परत ग्रंथालयात जा.